जोडटेशनचा दगड

दगड सकाळी आठाला बैलगाडीतून आला आणि रेल्वेचे साहेब यायचे होते बाराला. मधले चार तास सपकाळ्यांच्या घरात कुणालाच काही धड सुचलं नाही. चुडामणनं दगड अंगणात उतरवून घेतला, त्यावरची धूळ आपल्याच नव्या उपरण्यानं पुसली आणि मग उपरणं मळलं म्हणून बायकोवर खेकसला. सुनंदाबाईनं दुसरं उपरणं काढून दिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नवरा कशावर खेकसतो आहे आणि आतून कशाला घाबरला आहे, हे तिला त्याच्या आवाजावरून कळत असे.

दगड कमरेएवढा होता, चुना दिलेला, वर बाण कोरलेला. दुपारी साहेबांच्या हातून तो तापीच्या काठी, नाव लागते त्या मायउताराजवळच्या सपकाळ्यांच्याच शेतात रोवला जाणार होता. दगड रोवला की जोडटेशनची जागा पक्की. मग कागद पुढे मुंबईला जाणार आणि मुंबईला गेलेल्या कागदातली जागा बदलत नाही, हे चुडामणनंच घरात चारदा सांगितलं होतं.

जोडटेशन हा शब्दही त्याचाच. गव्हाणखेड्याशी तापी दक्षिणेकडे कोपर काढते आणि सुरत-भुसावळ लाइनीच्या इतकी जवळ येते, की पॅसेंजरची शिट्टी नावेत ऐकू येते. पलीकडून, चोपड्याकडच्या गावांतून केळी यायची, कापूस यायचा, बाळंतिणी यायच्या, कॉलेजातली पोरं यायची, सगळं सपकाळ्यांच्या नावेतून. आणि इथं उतरून सगळ्यांना पुन्हा बैलगाडीनं धरणगाव गाठावं लागायचं, कारण गव्हाणखेड्याला गाडी थांबत नव्हती. एकोणऐंशी साली चुडामणच्या डोक्यात आलं, की गाडी इथंच थांबली तर? एका अंगाला फलाट, दुसऱ्या अंगाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मध्ये पत्र्याचं छप्पर, आणि नावेचं न् गाडीचं तिकीट एकाच खिडकीवर. सहा वर्षं तो जळगावच्या कचेऱ्यांच्या बाकांवर बसला. शिपाई त्याला नावानं ओळखू लागले. गाव आधी हसलं, मग हसायचं थांबलं, आणि निळ्या कागदावरचा नकाशा आला तेव्हा गावानं त्याला नाना म्हणायला सुरुवात केली.

सुनंदाबाईला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. पण गेले दोन महिने तिला नीट झोप नव्हती.

चूक भाद्रपदात झाली होती. तेव्हा निकुंभसाहेब पहिल्यांदा जागा बघायला आले. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, पाणी मायउताराच्या पायरीला थपथप लागत होतं. साहेबांनी सासऱ्यांना, म्हणजे तोतारामआबांना, विचारलं की इथं पाणी बारा महिने असतं का. आबांनी हात जोडून नदीकडे बघितलं आणि म्हणाले, बारमाही. साहेबांनी लिहून घेतलं. भोवती वीस माणसं उभी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण नावाड्याच्या घरात नदीचं पाणी आटलं असं म्हणत नाहीत. वैशाखात निम्मं पात्र उघडं पडतं, तेव्हाही घरात ‘माय आराम करस’ एवढंच बोलतात. आणि परक्यासमोर तर तेवढंही नाही. जिच्या पाण्यावर चार पिढ्या जेवल्या, तिचं उणं चारचौघांत काढणं म्हणजे आईची अब्रू चावडीवर मांडणं. आबांनी त्यांच्या आबांकडून जे ऐकलं होतं तेच ते साहेबांना बोलले. त्यांना ते उत्तर वाटलंच नव्हतं, नमस्कार वाटला होता. साहेबांना मात्र ते उत्तर वाटलं.

होळी झाली की मायउताराचं पाणी सरकू लागतं ते पार पलीकडच्या थडीला जाऊन बसतं. तेव्हा नाव दीड मैल खाली, खडकाला लावतात. तिथं काठ कातळाचा आहे आणि पाणी खोल. हे गव्हाणखेड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त निळ्या नकाशाला ठाऊक नव्हतं. तिथं वर्षाचे पाच महिने पायऱ्या वाळूत उतरणार होत्या.

सुनंदाबाईनं नवऱ्याला हे तीनदा सांगून पाहिलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, एकदा टेशन होऊ दे, मग मशीन आणून पाण्यापर्यंत चर खणून घेऊ. दुसऱ्यांदा म्हणाला, तुला साहेबापेक्षा जास्त कळतं का. तिसऱ्यांदा नुसताच कूस बदलून पडला.

थोरल्या दिराची तऱ्हा वेगळी. झिपरूभाऊ नाव चालवायचा. नदी त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती, आणि तोच सगळ्यात गप्प होता. चुडामणनं अर्जात इंजिनाची नाव मागितली तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं आबांच्या मार्फत चालायचं. जेवताना मीठ हवं असलं तरी. झिपरूभाऊनं आपल्या बायकोला एवढंच सांगितलं होतं, की बांधू दे त्याला, पहिल्या आखाजीला, भर वैशाखात, साहेबच येऊन वाळू तुडवतील. धुरपदाबाईनं ते चुलीपाशी सुनंदाच्या कानावर घातलं होतं. दोघी जावा एकमेकींपासून फारसं काही लपवत नसत. लपवून जाणार कुठं, चूल एकच होती.

आताही दोघी त्याच चुलीपाशी होत्या. साहेबांसाठी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी चालली होती. सुनंदाबाई बट्ट्या तळत होती आणि तिसऱ्यांदा एक बट्टी करपली, तेव्हा धुरपदाबाईनं झारा तिच्या हातातून काढून घेतला.

“तुन्हा मनमा काय शे ते माले माहीत शे,” धुरपदाबाई हळू आवाजात म्हणाली. “बोलू नको. तो आबाना शबद शे. आपू बायामानसं कोन मोडनाऱ्या?”

“मी काय शबद मोडस, अक्का? पन लोके उतरतीन कोठे?”

धुरपदाबाईनं करपलेली बट्टी बाजूला काढली. ती भाजी घोटत राहिली.

लोक उतरतील कुठं, हा सुनंदाबाईचा रात्रंदिवसाचा प्रश्न होता. तिचं माहेर पलीकडचं, उंबरटेकचं. जोडटेशनवर येणार ती माणसं तिचीच होती. तिचा म्हातारा काका दम्याचा, तिची भाची पोटुशी. ती सगळी चैत्र-वैशाखात तिकडून नावेत बसणार आणि नाव मध्येच वाळूला टेकणार. तिथून पुढे गाडीची शिट्टी ऐकत धावायचं. त्या वाळूत दुपारी पाय ठेवला की काय होतं ते तिच्या तळव्यांना माहीत होतं. आणि हे सगळं तिच्या नवऱ्याच्या नावावर जमा होणार होतं. आज नाना म्हणणारं गाव उद्या त्याच तोंडानं काय म्हणेल, याचा विचार येऊनच आज बट्ट्या करपत होत्या. पण बोललं तर तोच नवरा आज, वीस माणसांसमोर, तोंडावर पडणार. सासऱ्यांचा शब्द खोटा ठरणार. सून म्हणून सोळा वर्षांत जे काही मिळवलं ते एका दुपारी जाणार.

निकुंभसाहेब साडेबाराला जीपमधून आले. बरोबर धरणगावचे गौतमचंद शेठ होते. कापडाचं दुकान आणि केळीचा व्यापार, दोन्ही ते बघत. जोडटेशन झालं की केळीची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, इथंच भरायची असा त्यांचा बेत होता, म्हणून सहा वर्षांत चुडामणच्या पाठीशी गावाबाहेरचं कुणी उभं राहिलं असेल तर तेच. शेठनी आल्या आल्या आबांच्या पायांना हात लावला आणि दगडाला नारळ आणला आहे असं सांगितलं.

जेवणं झाली. साहेबांनी बट्टी चार वेळा मागून घेतली, त्यामुळे घरातल्या बायकांचं त्यांच्याविषयी चांगलं मत झालं. मग ओसरीवर सतरंजी अंथरून निळा नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. चुडामण शहरातलं मराठी बोलत साहेबांना दाखवत होता, इथं खिडकी, इथं बायकांसाठी बसायची जागा, इथं पाण्याचा नळ. बायकांसाठी बसायची जागा त्यानं स्वतः मागून घेतली होती. सुनंदाबाई दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि ती जागा कागदावर बघून तिला रडूच फुटायचं राहिलं. इतका चांगला माणूस, आणि इतका आंधळा.

साहेबांनी कागद काढला. म्हणाले, दगड रोवण्याआधी भाद्रपदातला जबाब एकदा वाचून दाखवतो, मग हा पुढे पाठवू. त्यांनी वाचलं: नदीस मायउतार येथे बारमाही पाणी असते.

आबांनी हात जोडले. झिपरूभाऊ खांबाला टेकून आपल्या पायांच्या नखांकडे बघत होता. चुडामणनं एकदा, अगदी एकदाच, दाराकडे बघितलं. ती नजर सुनंदाबाईला पुढं कित्येक वर्षं आठवत राहिली. त्या नजरेत दरारा नव्हता, विनवणी होती.

तिनं सासऱ्यांसमोर कधी आवाज काढला नव्हता. दिरासमोर तर नाहीच. ती उंबऱ्याच्या आतच राहिली आणि तिथूनच बोलली.

“साहेब, आखाजीले आमनी लेक मायउतारलेच उतरस. नाव जठे थांबस, तठेथीन या शेतलोंग आम्ही लुगडा आंथरतस. औंदा एकसष्ट लागनात.”

साहेबांना काहीच कळलं नाही. ते चांगले गृहस्थ होते, पण त्यांना आखाजी म्हणजे नुसती अक्षय तृतीया ठाऊक होती, आणि या घरातली चाल तर घराबाहेर कुणालाच नीटशी ठाऊक नव्हती. उन्हाळाभर सगळं गाव खडकाला उतरलं तरी आखाजीला माहेरी येणारी लेक आपल्या काठाला, मायउतारालाच उतरवायची. आणि तिचे पाय तापल्या वाळूत पोळू नयेत म्हणून नावेपासून काठापर्यंत घरच्या बायकांनी लुगड्यांच्या पायघड्या घालायच्या. लुगडी असतात सातच. लेक पुढे चालते, मागचं लुगडं उचलून पुढे टाकायचं, आणि प्रत्येक टाकलेल्या लुगड्याबरोबर आकडा मोठ्यानं म्हणायचा. नणंद शेवंताबाई दर वर्षी त्या पायघड्यांवरून यायची आणि हसत म्हणायची, की राणीला सुद्धा एवढं मिळत नसेल. मोजायचं काम धाकट्या सुनेचं. सोळा वर्षं ते सुनंदाबाईचं होतं. त्याआधी धुरपदाबाईचं.

हे तिनं अडखळत, थांबत थांबत साहेबांना सांगितलं. नदी आटते, असं एकदाही म्हटलं नाही.

“लुगडं किती लांब असतं?” साहेबांनी विचारलं.

“नऊवारी,” गौतमचंद शेठ म्हणाले, आणि साहेब पेनाचं टोपण काढतात तोवर त्यांचा हिशेब झालासुद्धा. “पाचशे एकोणपन्नास वार होतात, साहेब. अर्धा किलोमीटर वाळू.”

“औंदा एकसष्ट,” आतून धुरपदाबाईचा आवाज आला. ती कधी पुढे येऊन जावेच्या खांद्याशी उभी राहिली ते सुनंदाबाईलाही कळलं नव्हतं. “मांगला साले अठ्ठावन. दुस्कायना साले, सुनंदा येवाना पहिले, मीच मोजेल व्हतं. चौऱ्याहत्तर.”

साहेबांनी नकाशावरचा एक पेला उचलून बाजूला ठेवला. कागदाचा कोपरा गुंडाळला गेला. त्यांनी झिपरूभाऊला विचारलं, तुम्ही नाव चालवता, हे खरं आहे का. झिपरूभाऊनं आधी आबांकडे बघितलं, मग भावाकडे.

“तिनी मोजं ते खरं शे. नाव मीच थांबाडस तठे.”

गौतमचंद शेठनी पिशवीतला नारळ पिशवीतच राहू दिला. केळीचा घड पाचशे वार वाळूतून डोक्यावर न्यायचा तर वाघिणीत पोचेतो अर्धा माल काळा पडेल, असं ते स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. सहा वर्षांचा पाठीराखा पाच मिनिटांत पलीकडे गेला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी केळी पाहिली, आणि केळी खरंच काळी पडतात.

चुडामण मात्र कुणाकडेच बघत नव्हता. तो खाली बसून उरलेले तीन पेले एकेक करून उचलत होता.

आबा उठले. काठी घेतली, ओसरी उतरले आणि घराच्या मागच्या अंगाला निघून गेले. सुनंदाबाईला वाटलं, संपलं.

निकुंभसाहेबांनी जाताना जे सांगितलं ते थोडक्यात असं. दगड आज रोवता येणार नाही. जागा खडकाला बदलायची तर नवा अर्ज हवा, कुणी, कधी, किती मोजलं ते लिहून, सोमवारपर्यंत. लाइन तिथून थोडी दूर पडते, फाटा काढावा लागेल, त्यामुळे वर्षं लागतील, आणि होईलच असंही नाही. आणि एक मोठी अडचण होती. पहिल्या कागदावर आबांचं म्हणणं होतं. एकाच घरातले दोन जबाब एकमेकांविरुद्ध गेले तर वरचे लोक दोन्ही फेकून देतात आणि फाइल बंद करतात. आबांनी आपलं म्हणणं स्वतः मागे घेतलं, तरच काही होईल.

जीप गेली. अंगणात चुना दिलेला दगड तसाच आडवा पडून राहिला.

दिवस मावळायच्या सुमाराला सुनंदाबाई नवऱ्याला शोधत शेतात गेली. तो बांधावर बसला होता. समोर तापी शांत, भरलेली, कार्तिकातली. कुणी म्हणेल का, ही सहा महिन्यांनी कुठं असेल. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. तो हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. त्यानं हाकललं नाही.

“घरमा का नही सांगं?” तो म्हणाला.

“तीनदा सांगं.”

“चौथ्यांदा सांगती.”

“चौथ्यांदाच सांगं,” ती म्हणाली. “साहेबना समोर सांगं.”

त्याच्या तोंडून हसू आणि हुंदका यांच्या मधलं काहीतरी निघालं. मग तो रडला. मोठा माणूस रडताना जसा ओशाळतो तसा ओशाळत, तोंड फिरवून. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण काही चूक केली नाही हे तिला माहीत होतं, आणि तरीही तिला आपण त्याचं काहीतरी फोडून टाकल्यासारखं वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिला त्या बांधावर कळलं.

झिपरूभाऊ येताना दिसला तेव्हा ती उठून बाजूला झाली. तो सरळ भावासमोर येऊन उभा राहिला. आबांच्या मार्फत नव्हे, थेट.

“चुडामण, मी बोलाले पाहिजे व्हतं. माले बठ्ठं माहीत व्हतं, तरी चूप बसनू. तुन्ही फजिती व्हवाले पाहिजे, आसं वाटनं माले.” तो थांबला. “थोरला भाऊ शे मी. आसं वाटाले नही पाहिजे.”

चुडामणनं तोंड पुसलं. भावाला बसायला जागा करून दिली. म्हणाला, तुम्हाला काय बोलू, भाऊ. माहीत मलाही होतं, सहा वर्षं मी त्या वाळूकडे बघितलंच नाही. मग दोघं खडकाविषयी बोलू लागले. कातळ कुठं फोडावा लागेल, पुराचं पाणी तिथं किती चढतं, इंजिनाची नाव लागलीच तर ती चालवायची कुणी. ती चालवायची झिपरूभाऊनंच, असं चुडामण म्हणाला, आणि हे तो पहिल्यापासून धरून चालला होता. झिपरूभाऊला ते पहिल्यांदाच कळत होतं. सुनंदाबाई लांबून ऐकत होती आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालत होती. एवढं एक वाक्य बोलायला या दोघांनी दोन वर्षं घेतली.

आबांचं काय, हे तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. धुरपदाबाईनं ताट नेलं, ते परत आलं. चुडामण एकदा त्यांच्या खाटेपर्यंत गेला आणि मागे फिरला. बापाला काय सांगायचं? की तुम्ही आईच्या अब्रूसाठी बोललात ते कागदावर खोटं ठरलं, तेव्हा आता ते खोटं होतं असं लिहून द्या? पंचाहत्तर वर्षांच्या माणसाकडून हे मागण्यापेक्षा टेशन न झालेलं बरं, असं तो म्हणाला. सुनंदाबाईनं वाद घातला नाही. तिलाही तसंच वाटत होतं, आणि उंबरटेकच्या माणसांची आठवण येऊन तसं वाटतही नव्हतं.

सकाळी चुडामण तरीही अर्ज लिहायला बसला. सवयच होती ती. सहा वर्षं दर महिन्याला त्यानं काही ना काही लिहिलं होतं. दोघी जावांना त्यानं ओसरीवर बोलावून घेतलं आणि साल विचारून आकडे उतरवले. सोळा वर्षांचे सुनंदाबाईनं सांगितले, एकदाही न चुकता, कारण प्रत्येक आकड्याला एक आखाजी चिकटलेली होती. कुठल्या साली शेवंताबाईच्या कडेवर कोण होतं, कुठल्या साली वारा सुटून लुगडं उडालं. आधीचे धुरपदाबाईनं सांगितले. झिपरूभाऊ नावेवर जायचं सोडून उभा होता. खाली मोजणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा चुडामण थांबला.

“तुन्हं नाव लिखू का?” त्यानं बायकोला विचारलं. “लिखं की मंग मांगे फिरता येवाव नही.”

“लिखा,” ती म्हणाली. “अक्कानं बी लिखा.”

त्यानं लिहिलं. सुनंदाबाई चुडामण सपकाळे. धुरपदाबाई झिपरू सपकाळे. रेशनकार्डाखेरीज कुठल्याही कागदावर त्यांची नावं आजवर लागली नव्हती. दोघींना वाचता येत नव्हतं, तरी दोघी वाकून बघत राहिल्या.

तेवढ्यात आबा नदीकडून आले. पहाटेच गेले होते. धोतर ओलं, अंगावर पाणी, ओठ थंडीनं काळेनिळे. चुडामणनं घाईघाईनं कागद उपरण्याखाली सरकवला. आबांनी काठी खांबाला लावली, सतरंजीवर बसले आणि हात पुढे केला. चुडामणनं नाइलाजानं कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

“याम्हा सुनंदानं नाव कोठे शे?”

चुडामणनं बोटानं दाखवलं. सुनंदाबाई पदर सावरून आत जायला वळली होती, ती तिथंच थांबली.

आबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“मी मायले सांगी उनू,” ते म्हणाले. “तिले राग नही. इतल्या आखाज्या त्या पोरीसनी तिन्हावर लुगडा आंथरात. तिले ते उघडं पडनं वाटनंच नही कधी.” मग त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. “शाई लाव. मन्हं पहिलं म्हननं खोड, नि आंगठा ले.”

शाईची डबी झिपरूभाऊनं उघडून दिली. चुडामणनं वडिलांचा अंगठा धरला आणि कागदाच्या वरच्या बाजूला, जिथं घरातल्या कर्त्याचं नाव असतं तिथं नेला.

आबांनी हात मागे ओढला.

“वर नको,” ते म्हणाले. “तिना नावना खाले.”